घरात कुणाचे दात लवकर पडले?

श्रीलंकेच्या डोंगराळ भागातल्या दोन चहामळ्यांवर १९७० साली दंतवैद्यांचं एक पथक गेलं आणि तिथे राबणाऱ्या ४८० पुरुषांची तोंडं त्यांनी तपासली. सगळ्यात लहान चौदा वर्षांचा, सगळ्यात मोठा एकतीसचा. ब्रिटिशांनी मळ्यांवर कामाला म्हणून दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांचे हे वंशज. खाणंपिणं साधारण सारखं, काम सारखं, राहणं एकाच भागात. टूथब्रश त्यांच्या वापरात नव्हता आणि दातांच्या डॉक्टरशी कधी गाठ पडलेली नव्हती. विशेष म्हणजे दात किडलेले जवळजवळ कुणाचेच नव्हते. किटण मात्र सगळ्यांच्या दातांवर होतं, आणि हिरड्याही सगळ्यांच्याच सुजलेल्या होत्या.

पुढची पंधरा वर्षं हे पथक अधूनमधून परत जात राहिलं. तपासणारे तेच दोन डॉक्टर, मोजायची रीतही तीच. १९८५च्या शेवटच्या तपासणीला सुरुवातीच्यांपैकी १६१ जण हजर होते. नॉर्वेचे हाराल्ड लो हे या अभ्यासाचे प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सगळ्यांची तोंडं सारखीच अस्वच्छ, म्हणजे सगळ्यांचे दात थोड्याफार फरकानं एकाच वेगानं जायला हवेत, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. सुमारे ८ टक्के लोकांचे दात विशीतच पडायला लागले. पस्तिशीला त्यांचे सरासरी १२ दात गेले होते, चाळिशीला २०, आणि पंचेचाळिशीला तोंडात एकही दात उरला नव्हता. ८१ टक्के लोक मधल्या चालीचे निघाले: त्यांचे दात तिशीनंतर जाऊ लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत सरासरी ७ गेले. राहिलेल्या ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, पण आजार त्यापुढे सरकलाच नाही. दाताभोवतीचं हाड शाबूत, दात शाबूत. तेच किटण, तसंच जेवण, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एकाचं बोळकं तर शेजारच्याची बत्तीशी जशीच्या तशी.

हे मी वाचलं ते हिरड्यांच्या डॉक्टरांची पायरी चढावी लागल्यानंतर. तोवर हिरड्यांच्या आजाराचं एकच कारण मला माहीत होतं, जे सगळ्यांना माहीत असतं: नीट घासत नाही म्हणून. वाचताना मन त्या ८ टक्क्यांपाशी अडकलं, कारण माझी आई त्यांच्यातली.

आई सांगलीकडची. सकाळी आणि रात्री, दोन वेळा दात घासल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरात ही शिस्त तिनंच लावली. तरी पस्तिशीतच तिचे पुढचे खालचे दात हलायला लागले. पेरू ती कधी चावून खायची नाही, विळीवर पातळ फोडी करून घ्यायची. भाजलेलं कणीस हातात आलं की अंगठ्यानं दाणे सोडवून आधी आम्हाला द्यायची आणि उरलेले एकेक करून दाढेखाली धरायची. ऊस तर तिनं सोडूनच दिला होता. हसताना पदर तोंडाशी जायचा. लहानपणी मला वाटायचं, बायका अशाच हसतात.

तिला एकदा दातांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी कॉलेजात होते. डॉक्टरांनी आरसा घालून क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “पायरिया झालाय. दात घासता की नाही?” आई काहीच बोलली नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आणखी जोर लावून घासायला लागली, कडक ब्रशनं, आडवं आडवं, आणि हिरड्या आणखीच वर चढल्या. पन्नाशीच्या आत कवळी आली. “माझ्याच हलगर्जीपणानं गेले,” असं ती शेवटपर्यंत म्हणायची. रोज मनापासून घासणाऱ्या बाईनं हे वाक्य आयुष्यभर स्वतःला ऐकवलं, याचं दुःख मला तिच्या दातांपेक्षा जास्त आहे.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दहावीच्या वर्गात आनुवंशिकता दरवर्षी समजावून सांगते. आईच्या हिरड्या आणि तो धडा एकत्र ठेवून बघायला मात्र माझी स्वतःची पाळी यावी लागली.

हिरड्यांच्या डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, एक बारीक बोथट सळई घेऊन बसतात. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सोडायची आणि किती आत जाते ते बघायचं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलत जातात आणि मदतनीस मुलगी लिहून घेते: “तीन, दोन, तीन. तीन, दोन, तीन. तीन, तीन, पाच.” तीनपर्यंत ठीक असतं. चार आला की कान टवकारतात. माझ्या वरच्या दाढांपाशी आवाज आला, “पाच, चार, सात.” सात म्हणजे जवळजवळ पाऊण सेंटिमीटर. तेवढं खोल एक भगदाड माझ्या तोंडात होतं आणि मला ते ठाऊकच नव्हतं, कारण हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही. मग ओपीजी काढला, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे. त्यात हाडाची रेघ काही दातांपाशी खाली बसलेली स्पष्ट दिसत होती.

माझी धाकटी बहीण महिन्याभरानं तिथेच तपासून आली. एका घरात वाढलो, एकाच ट्यूबमधली पेस्ट वापरली, आणि लहानपणी घासायचा कंटाळा तिलाच जास्त. तिचे आकडे सगळे दोन आणि तीन.

आत नेमकं काय घडतं, ते कळल्यावर या फरकाचं नवल जरा कमी होतं. आपल्या सगळ्या शरीरात टणक वस्तू आतून त्वचेचं अस्तर भेदून बाहेर येते अशी नैसर्गिक जागा एकच, ती म्हणजे दात. तिथे हिरडीची कड दाताला चिकटून दार बंद ठेवते. त्या कडेला जिवाणूंचा थर जमतो आणि तो हटवला नाही तर हिरडी सुजते. हेही लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९६५ साली डेन्मार्कमध्ये सिद्ध केलं होतं: निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं थांबवलं आणि १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासायला लागल्यावर उतरल्या. इथवर सगळी माणसं साधारण सारखी. खरी फाटाफूट याच्यापुढे होते. सूज हिरडीपुरतीच राहणार की खाली हाडाकडे उतरणार, ते मुख्यतः जिवाणूंना आपलं शरीर कसं उत्तर देतं त्यावर अवलंबून असतं.

हे उत्तर देणाऱ्या पेशींतल्या पहिल्या म्हणजे न्यूट्रोफिल, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. हिरडीच्या फटीत त्या रात्रंदिवस रक्तातून उतरत असतात. त्यांनी जिवाणू मारले तर प्रश्न मिटतो. जिवाणू पुरून उरले तर त्या आणखी येतात, संदेश देणारी रसायनं वाढतात, विकरं सुटतात. ही विकरं जिवाणू आणि स्वतःचं ऊतक यांत भेद करत नाहीत. पुढे हाड खाणाऱ्या पेशींना हुकूम जातो आणि हाड जिवाणूंपासून लांब सरकतं. दात सैल होतो तो जिवाणूंनी हाड खाल्ल्यामुळे नव्हे; ते आपल्याच शरीरानं मागे घेतलेलं असतं. हे सगळं किती जोरात आणि किती काळ चालायचं, याचे दोर अनेक जीन्सच्या हातात असतात. पाऊस सगळ्या घरांवर सारखाच पडतो. ओल कुठे धरते ते भिंतीवर ठरतं.

श्रीलंकेच्या अभ्यासानं मात्र जीन्स तपासले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. तिथला फरक जिवाणूंच्या जातींमुळेही पडला असेल. मोरोक्कोतल्या रबात शहरातल्या किशोरवयीन मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एका विशिष्ट जिवाणूचा, पांढऱ्या पेशींना मारणारं विष फार मोठ्या प्रमाणात तयार करणारा एक वाण ज्या मुलांच्या तोंडात होता, त्यांच्यात हिरडी दातापासून सुटण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त आढळला. असे जिवाणू लाळेतून आईकडून मुलाकडे जातात. म्हणून ‘आमच्या घरातच आहे’ एवढ्यावरून जीन्सकडे बोट दाखवता येत नाही. घरात भांडी, सवयी आणि जिवाणूही सामायिक असतात.

हा गुंता जुळ्यांनी बराचसा सोडवला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचे जीन्स जवळपास पूर्ण सारखे असतात, वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांचे सख्ख्या भावंडांइतके. अमेरिकेत मायकेलोविच यांच्या गटानं १९९१ साली ११० जोड्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या १४ जोड्या एकबीज जुळ्यांच्या होत्या, पण वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या. घर वेगळं असूनही त्यांच्या हिरड्यांतलं साम्य एकत्र वाढलेल्यांपेक्षा कमी नव्हतं. २००० साली याच गटानं ११७ जोड्या पाहिल्या आणि प्रौढांमधल्या हाडापर्यंत गेलेल्या आजारातल्या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिकतेकडे जातो, असा हिशेब मांडला. धूम्रपान आणि सवयी हिशेबात धरूनही तो आकडा बदलला नाही. नुसत्या सुजेच्या बाबतीत मात्र, सवयी वजा केल्यावर आनुवंशिकतेचा पुरावा उरला नाही. म्हणजे रक्त येणं हे सवयींच्या खात्यात, आणि हाड जाणं बऱ्याच अंशी वारशाच्या. नंतर जगभरच्या अशा अभ्यासांची एकत्र बेरीज झाली तेव्हा वारशाचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास निघाला.

‘निम्मा’ किंवा ‘तीस टक्के’ या आकड्यांचा अर्थ मुलांना सांगताना मी नेहमी थांबते, इथेही थांबते. याचा अर्थ माझा तीस टक्के आजार आईनं दिला आणि सत्तर टक्के मी कमावला, असा होत नाही. एका समूहातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जीन्समधल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. समूह बदला, परिस्थिती बदला, आकडाही बदलेल. चहामळ्यावर सगळ्यांची परिस्थिती सारखी होती, म्हणून आतला फरक उघडा पडला.

याच्या अगदी उलट टोकाचं गाव स्वीडनमध्ये आहे, कार्लस्टाड. तिथे १९७२ साली अॅक्सेलसन आणि लिंडे यांनी काही शे लोकांना नियमित दंतसफाईच्या कार्यक्रमात घेतलं. दर थोड्या महिन्यांनी बोलवायचं, घासायचं कसं ते हातात ब्रश देऊन शिकवायचं, दातांच्या फटी साफ करायला लावायचं, जे राहिलं ते स्वतः काढायचं. हे तीस वर्षं चाललं. कार्यक्रमात टिकून राहिलेल्यांचे तीस वर्षांत वयोगटानुसार सरासरी ०.४ ते १.८ दात गेले. तेही बहुतेक मूळ तडकल्यामुळे, हिरड्यांच्या आजारामुळे फार थोडे. त्या स्वीडिश माणसांतही काहींच्या अंगात तो वेगवान आजार असणारच. पण त्याला पेटायला लागणारा थर कुणी जमूच दिला नाही.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की मला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. आईचा दोष नव्हता. आणि आईचे दात वाचू शकले असते. तिला हवी होती ती बहुतेकांना पुरते त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि वेगळ्या प्रकारची मदत: हिरडीच्या खालचं किटण काढणं, फटींत जाणारा छोटा ब्रश, दर तीन महिन्यांनी तपासणी. तिला मिळाला तो प्रश्न, ‘दात घासता की नाही?’

आमच्याकडे या आतल्या फरकाचा दुसरा परिणामही मी पाहिला आहे. गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बाया आयुष्यभर मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करायची आणि बोटानं हिरड्यांवर घासत अर्धा तास उंबऱ्यावर बसायचं. त्यांतल्या एखादीचे दात सत्तरीतही मजबूत असत, आणि मग मिश्रीनं दात पक्के होतात हे सगळ्या गल्लीत सिद्ध झालेलं असे. ती एखादी त्या ११ टक्क्यांतली होती. मिश्री नसती तरी तिचे दात टिकलेच असते. ज्यांचे गेले त्यांची उदाहरणं कुणी देत नव्हतं. शिवाय निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आत आजार वाढत असताना वरून सगळं ठीक दिसतं. तंबाखूमुळे हाड जास्त वेगानं जातं आणि तोंडाचा कर्करोग होतो, हे तर आता वेगळं सांगायला नको. ज्यांचा वारसा वाईट आहे त्यांना तंबाखू सगळ्यात महाग पडते. मधुमेहाचंही तसंच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांवर उपचार केले की साखरही थोडी उतरते, असं आता चांगलं सिद्ध झालेलं आहे. आमच्यासारख्या, घरटी एक मधुमेही असलेल्या समाजात ही गोष्ट प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवी.

मग तो जीन कुठला, हा प्रश्न मला वर्गातली मुलंही विचारतात. कधीकधी तो खरोखर एकच असतो. १९२४ साली पापियाँ आणि लफेव्र या दोन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेला एक दुर्मिळ आजार आहे, दहा लाखांत एक ते चार जणांना होणारा. मुलाच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जाड होते. दुधाचे दात व्यवस्थित येतात, पण आले की हिरड्या लालभडक होतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत सगळे पडतात. हिरड्या शांत होतात. मग कायमचे दात येतात, पुन्हा तेच, आणि वयात येता येता तोंड पुन्हा रिकामं. १९९९ साली याचं मूळ अकराव्या गुणसूत्रावरच्या कॅथेप्सिन-सी नावाच्या जीनमध्ये सापडलं. या जीनचं प्रथिन न्यूट्रोफिलमधली विकरं चालू करतं. ते नसलं की पेशी येतात, पण निम्मी हत्यारं बोथट असतात. दुसऱ्याच वर्षी कळलं की कोचीनच्या ज्यू समाजातल्या काही कुटुंबांत दिसणारा, बोटांच्या हाडांवरही परिणाम करणारा एक आजार याच जीनच्या बिघाडातून येतो.

हा आजार व्हायला बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. आईवडिलांचे स्वतःचे दात उत्तम असतात. नात्यातल्या लग्नांत अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत कितीतरी घरांत अजून आहे. भारतातल्या दंतवैद्यकीय नियतकालिकांत अशा मुलांच्या नोंदी येत राहतात. चार वर्षांच्या पोराचे दात पडले म्हणून आईला बोल लावण्याआधी त्याचे तळहात बघावेत, एवढं जरी लोकांना ठाऊक झालं तरी एखादं मूल वेळेवर नेमक्या डॉक्टरकडे पोहोचेल.

दुसऱ्या एका आजारात पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेरच पडता येत नाही. अशा मुलांच्या हिरड्यांचं हाड झपाट्यानं जातं. पहारेकरी पेशी नाहीत म्हणून जिवाणू माजतात, असं पूर्वी साधं स्पष्टीकरण होतं. २०१४ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की खरं कारण बरंचसं वेगळं आहे: पेशी ऊतकात न पोहोचल्यामुळे सूज थांबवणारा निरोप जात नाही आणि दाहाचं एक रसायन बेसुमार वाढत जातं. २०१७ साली अशा एका तरुण रुग्णाला तो दाह रोखणारं औषध दिलं तेव्हा त्याच्या हिरड्या निवळल्या. हाड जिवाणू खातात की आपण, या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

माझ्यासारख्या सामान्य रुग्णांत मात्र असा एक जीन सापडत नाही. आशा पुष्कळ निर्माण झाली होती. १९९७ साली इंटरल्यूकिन-१ या दाह वाढवणाऱ्या रसायनाच्या जीन्समधला एक नमुना गंभीर आजाराशी जोडला गेला. धूम्रपान न करणाऱ्यांत त्याचा संबंध फार ठळक दिसला. लगेच तपासणीचे संच बाजारात आले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध कधी दिसला, कधी नाही. चिनी वंशाच्या लोकांत तर तो नमुनाच फार क्वचित सापडतो, आणि हिरड्यांचा आजार तिथेही आहेच. नंतर लाखो जागा एकदम तपासणारे मोठे अभ्यास झाले. त्यांतून निघालं ते हे, की पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा हात आहे, एकेकट्याचा फारच कमी. नवव्या गुणसूत्रावरच्या एका भागाचा संबंध लहान वयातल्या तीव्र आजाराशी दिसतो, आणि तोच भाग हृदयाच्या धमन्यांच्या आजाराशीही जोडलेला आहे. आईला पुढे हृदयाचा त्रास झाला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, तरी त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते.

म्हणून आज कुणी गालाच्या आतून कापूस फिरवून ‘हिरड्यांची जेनेटिक टेस्ट’ विकत असेल तर मी पैसे देणार नाही. त्याच पैशांत दोन वेळा खोल सफाई होते. आजाराची २०१७ साली ठरलेली जी वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात जीन्सच्या तपासणीला जागा नाही. तिथे मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे: किती टक्के हाड गेलं, त्याला वयानं भागायचं. तिशीतल्या बाईचं तीस टक्क्यांहून जास्त हाड गेलेलं असेल तर भागाकार एकच्या वर जातो आणि तिचा आजार सगळ्यात वेगवान गटात धरला जातो. सत्तरीत तेवढंच गेलेलं असेल तर तो मधल्या चालीचा. तंबाखू आणि मधुमेह यांमुळे आजार आणखी वेगवान गटात सरकतो. हा साधा भागाकार म्हणजे शरीराच्या आतल्या वारशाची बाहेरून केलेली मोजणीच आहे, आणि त्याला एक एक्स-रे पुरतो. आईच्या पस्तिशीत कुणी तो केला असता तर तिच्यावर आळशीपणाचा शिक्का बसला नसता.

माझ्यावर खोल सफाई झाली, दोन दाढांपाशी हिरडी उघडून फ्लॅप सर्जरी झाली. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, ही भीती आमच्याकडे फार आहे, आणि तेवढ्यासाठी लोक जात नाहीत. किटणाचा थर निघतो, सूज उतरते, म्हणून फटी उघड्या पडतात आणि काही दिवस तसं वाटतं. दाताला धरून ठेवायचं काम किटण कधीच करत नव्हतं. सातचं पॉकेट, म्हणजे ते भगदाड, आता चारवर आहे. रात्री ब्रश झाला की फटींत छोटा ब्रश फिरवते, दर तीन महिन्यांनी आकडे ऐकायला जाऊन बसते. बहीण सहा महिन्यांनी जाते आणि तेवढं तिला पुरतं. दोघींसाठी एकच नियम करायचा म्हटलं तर तो एकीला जाच आणि दुसरीला अपुरा.

डॉक्टरांकडचा छापील कागद भरताना मला एक गोष्ट खटकली. घरात मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का, हे सगळं विचारलेलं. घरात कुणाचे दात चाळिशीच्या आत हलले का, हे कुठेच नाही. आणि विचारलं असतं तरी किती जणांना उत्तर देता आलं असतं? कवळी ही आपल्या घरांतली झाकून ठेवायची गोष्ट. रात्री दिवा गेल्यावर काढायची, पहाटे सगळ्यांच्या आधी लावायची. काकांचं बायपास सगळ्या खानदानाला तारखेनिशी माहीत असतं, काकूंचे दात कधी गेले ते काकांनाही सांगता येत नाही.

मी मग फोन करायला लागले. आईकडच्या सगळ्यांना, वयानं मोठ्यांपासून. सुरुवातीला लोक बुजले. एका मामांनी विषय बदलून पावसाची चौकशी केली. मी आईचं सांगितलं, माझं सांगितलं, सातचा आकडा सांगितला, मग एकेक जण बोलायला लागला. धाकट्या मामांचे समोरचे दात पस्तिशीत गेलेले. आम्ही सगळे आजवर मोटारसायकलवरून पडल्यामुळे गेले असं समजत होतो. आजोबांचं बोळकं तर आईच्या लग्नाच्या फोटोतच आहे आणि तेव्हा ते पंचेचाळीसचेही नव्हते.

मावशीला शेवटी फोन केला, कारण तिचे दात पांढरेशुभ्र आणि एका रेषेत, लहानपणापासून मी तिचं कौतुक ऐकत आलेले.

“तुझं बरंय मावशी,” मी म्हटलं, “तू वाचलीस यातनं.”

ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, ही कवळी तुझ्या बारशाच्या आधीची आहे. काकांशिवाय कुणाला माहीत नाही.” आणि लगेच, जरा घाईनं, “आपल्या विन्याच्या हिरड्यांतनं हल्ली रक्त येतंय म्हणत होता. बत्तीसचा आहे. तुझ्या त्या डॉक्टर शनिवारी असतात का?”